मोठ्या जातीचा गनडॉग आपल्या घराला मानवेल का? खानदेशातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायमारानर आणि आयरिश सेटर या साऱ्या जाती गनडॉग, म्हणजे बंदुकीच्या शिकारीत माणसाला साथ देणारे कुत्रे, या एकाच गटात मोडतात. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, चाळीसगाव या शहरांत त्यांपैकी लॅब्राडॉर सर्वाधिक दिसतो, त्याखालोखाल गोल्डन, बाकीचे क्वचितच. ज्या घरात मुलांनी पिल्लाचा हट्ट धरला आहे आणि मोठ्यांनी अजून होकार दिलेला नाही, त्या घरासाठी हा लेख आहे. पिल्लू कसे वाढवावे हा त्याचा विषय नाही. ते आणावे की नाही, हे कसे ठरवावे एवढाच आहे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण पहिल्या तीन पायऱ्यांवरच उत्तर नकारार्थी आले, तर पुढचे वाचण्याची गरज उरत नाही.

पायरी पहिली : हा कुत्रा कोणत्या कामासाठी घडवला गेला, ते समजून घ्या

बंदुकीने पक्ष्यांची शिकार करणाऱ्या माणसाला दिवसभर साथ देण्यासाठी या जाती युरोपात घडवल्या गेल्या. त्यांच्यातील कामाची वाटणी ठरलेली होती. पॉइंटर आणि सेटर यांनी माणसाच्या पुढे धावत वासावरून दडलेला पक्षी शोधायचा आणि जागच्या जागी थबकून तो दाखवायचा. रिट्रीव्हरने पडलेला पक्षी, मग तो पाण्यात का असेना, दात न रुतवता उचलून आणून हातात द्यायचा. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांबरोबर गारठलेल्या पाण्यात काम करत. पुढे ब्रिटनमध्ये ही जात स्थिरावली आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तेथील केनेल क्लबने १९०३ मध्ये तिला मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरचा वंश १८६८ मध्ये स्कॉटलंडमधील एका उमरावाच्या जमिनीवर सुरू झाला. वायमारानर आणि शॉर्टहेअर्ड पॉइंटर हे जर्मनीतले.

हा इतिहास मिरवण्यासाठी नव्हे, तर त्यातून कुत्र्याचा स्वभाव वाचता यावा म्हणून लक्षात ठेवायचा आहे. दिवसभर माणसाच्या पायाशी राहून त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर काम करणारा प्राणी एकटा पडला की बिघडतो. तो भुंकतो, दार ओरबाडतो, चपला आणि गाद्या फाडतो. मैलोन्‌मैल चालण्याचा त्याचा दम अंगणात दोन फेऱ्या मारून संपत नाही. त्याच्या तोंडाला सतत काहीतरी धरायला हवे असते. आणि रिट्रीव्हरच्या अंगावरचे दुहेरी केस थंड प्रदेशातील पाण्यापासून बचाव करण्यासाठी आहेत.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे, आणि तितर, लावा किंवा ससा यांच्या मागे कुत्रा घालणे हेही त्यातच येते. म्हणजे ज्या कामासाठी या जाती निपजल्या, ते काम येथे त्यांना कधीही मिळणार नाही. त्याच्या जागी रोज दुसरे काम देण्याची जबाबदारी घराने घ्यायची असते, आणि माझ्या मते सारा निर्णय याच एका गोष्टीवर ठरायला हवा. लपवलेली वस्तू वासावरून शोधणे, फेकलेली वस्तू आणून देणे, थांबण्याची आज्ञा पाळणे, पोहणे अशी ती कामे आहेत. त्यांना पैसा फारसा लागत नाही, पण माणूस लागतो.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा. मळ्याची किंवा बंगल्याची राखण होईल या हिशोबाने अनेक जण लॅब्राडॉर किंवा गोल्डन आणतात. या दोन्ही जाती अनोळखी माणसाशीही मैत्री करण्याच्या वृत्तीच्या आहेत. त्या भुंकून पाहुणा आल्याचे कळवतील, परंतु चोराला अडवणे त्यांच्या रक्तात नाही. राखण हाच मुख्य हेतू असेल, तर गनडॉगचा विचार येथेच थांबवावा.

पायरी दुसरी : घरातील दिवस कागदावर मांडा

एका कागदावर सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंतचे तास लिहावेत आणि प्रत्येक तासासमोर घरात कोण असते त्याचे नाव लिहावे. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडॉरला किंवा गोल्डनला दिवसाला सुमारे दोन तासांचा व्यायाम लागतो. पॉइंटर, वायमारानर आणि सेटर यांना त्याहून अधिक, आणि त्यातला काही भाग मोकळ्यावर धावण्याचा. मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ एकटे ठेवू नये, आणि पिल्लाला तर त्याहून बरेच कमी. नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील, किंवा एकाची रेल्वेतील पाळी आणि दुसऱ्याची शाळा असेल, तर त्या कागदावर दुपारची रिकामी जागा लगेच दिसते. ती जागा भरता येत नसेल, तर उत्तर मिळाले असे समजावे.

एकत्र कुटुंबात ही अडचण कमी असते, कारण घर सहसा रिकामे पडत नाही. मात्र तेथे दुसरी अडचण उभी राहते. सगळ्यांचा म्हणून आणलेला कुत्रा कोणाचाच राहत नाही. एक जण त्याला जिलेबी देतो, दुसरा त्याच कारणासाठी रागावतो, आणि फिरवायला नेण्याची वेळ आली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने नेले असेल. म्हणून घरातील एका प्रौढ व्यक्तीचे नाव ठरवावे आणि तिच्या शब्दाबाहेर कुत्र्याच्या बाबतीत कोणी जाऊ नये. शेतावर ठेवायचा असेल, तर ही जबाबदारी सालदाराच्या गळ्यात टाकून मोकळे होता येत नाही. सालदाराला आधीच दिवसभराचे काम असते, साल संपले की तो बदलूही शकतो, आणि ज्याच्याशी जीव जडला तो माणूस दरवर्षी बदलणे या जातींना सोसत नाही.

या कागदावर आणखी एक गोष्ट लिहावी : दहा ते बारा वर्षांनंतर घरात कोण असेल? या कुत्र्यांचे आयुष्य साधारणतः तेवढे असते. हट्ट धरणारा मुलगा किंवा मुलगी आज आठवी-नववीत असेल, तर तीन-चार वर्षांत ती पुण्याला किंवा नाशिकला शिकायला जाईल. कुत्र्याच्या तारुण्याचा काळ आणि सगळे म्हातारपण आईच्या, किंवा आजी-आजोबांच्या वाट्याला येणार आहे. त्यामुळे ज्यांच्या वाट्याला ते येणार, त्यांचा मनापासून होकार सर्वांत आधी घ्यावा. केवळ नातवाचे मन मोडू नये म्हणून दिलेला होकार येथे पुरेसा नाही.

लग्नसराईचाही विचार याच पायरीवर करावा. एप्रिल-मे महिन्यांत कुटुंबेच्या कुटुंबे गावोगावी लग्नांना जातात, आणि कुत्र्याला सर्वाधिक काळजीची गरज असलेला काळही नेमका तोच असतो. रेल्वेने कुत्रा सोबत न्यायचा झाल्यास वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधील पेटीत ठेवावे लागते. उन्हाळ्यात त्या पेटीतला प्रवास कोणत्याही मोठ्या कुत्र्याला देऊ नये. घरी येऊन राहील असा, कुत्र्याच्या ओळखीचा माणूस तुमच्याजवळ आहे का, हे आत्ताच ठरवावे.

पायरी तिसरी : मे महिन्यातील एक दिवस डोळ्यांसमोर आणा

जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि हाच खानदेशातील खरा प्रश्न आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून, जिभेवरील आणि श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड करतो. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली की हा एकच मार्ग उरतो, आणि श्रम केल्यास तोही अपुरा पडतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. वजन वाढलेला, म्हातारा किंवा काळ्या रंगाचा लॅब्राडॉर उन्हात इतरांपेक्षा लवकर तापतो. त्यातही रिट्रीव्हरचा स्वभाव असा, की तुम्ही चेंडू फेकत राहिलात तर कोसळेपर्यंत तो आणत राहील. थांबणे त्याला कळत नाही, ते तुम्हाला कळावे लागते.

म्हणून घराची तपासणी भर दुपारी करावी. सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट सिमेंटच्या स्लॅबखाली राहत असाल, तर तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. अशा घरात वातानुकूलन यंत्र किंवा चांगला कूलर असल्याशिवाय या जाती ठेवू नयेत. जुनी धाब्याची, जाड मातीच्या भिंतींची घरे या बाबतीत फार चांगली, आणि ज्यांच्याकडे ती अजून टिकून आहेत त्यांनी कुत्र्याची जागा तेथेच करावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम काम देतो. जूनमध्ये पावसाआधीचा दमटपणा आला की मात्र त्याचा उपयोग फारसा उरत नाही, आणि तेच दोन-तीन आठवडे अधिक जपण्याचे असतात. वीज गेल्यावर तुमच्या इन्व्हर्टरवर कूलर चालतो की फक्त पंखा, हेही पाहून ठेवावे. गच्चीवर किंवा अंगणात पत्र्याची खोली बांधून तीत कुत्रा ठेवण्याचा बेत असेल, तर तो पूर्णपणे सोडून द्यावा. मे महिन्यात पत्र्याखालची दुपार जीवघेणी असते.

पाण्याचा हिशोब वेगळा करावा. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पिण्याचे पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. शिवाय अंग ओले करणे, फरशी धुणे आणि कूलर भरणे आलेच. ज्या वस्तीत नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते, तेथे टाकी किती दिवस पुरते हे मोजून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

उन्हाळ्यातील दिनक्रम असा राहील : सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी फिरणे आटोपायचे, संध्याकाळी डांबर थंड झाल्यानंतरच बाहेर पडायचे, आणि ते बऱ्याचदा रात्री आठ-नऊनंतर होते. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर सात सेकंद टेकवता आला नाही, तर कुत्र्याचे पायही तेथे भाजतात. दिवसा त्याचे डोके दमवायचे. घरातल्या घरात लपवलेली वस्तू शोधायला लावणे हे त्यासाठी सर्वांत चांगले. गोल्डनला उकडते म्हणून त्याचे केस मुळापासून भादरू नयेत, कारण ते उन्हापासून कातडीचा बचावही करतात आणि पुन्हा पूर्ववत उगवतीलच असे नाही. रोज विंचरून आतले मेलेले केस काढणे हाच योग्य उपाय आहे.

उष्माघाताची लक्षणे घरातील प्रत्येकाला पाठ असावीत : थांबतच नाही अशी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी. अशा वेळी कुत्र्याला सावलीत घेऊन अंगभर भरपूर पाणी ओतावे, पंख्याखाली ठेवावे, शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे आणि मग लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आधी अंग थंड करायचे आणि मग गाडी काढायची, हा क्रम चुकवू नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो टॉवेल उष्णता आत कोंडून धरतो.

हे सारे एप्रिल ते जून रोज, दहा वर्षे, करता येईल असे वाटत असेल, तरच पुढे वाचावे.

पायरी चौथी : मळा असेल, तर तो कुत्र्याच्या नजरेने फिरून पाहा

ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना वाटते, जागेचा प्रश्न मिटला. जागा असते हे खरे, आणि केळीच्या बागेत ओळींमधून वास काढत फिरणाऱ्या रिट्रीव्हरइतका आनंदी प्राणी मी पाहिलेला नाही. परंतु आपल्या शेतात अशा अनेक गोष्टी आहेत, ज्या गावठी कुत्रा टाळतो आणि गनडॉग तोंडात घेतो. कपाशीवरील फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, औषध लावलेले बियाणे, उंदरांसाठी ठेवलेले विष, युरियाच्या गोण्या या सर्व वस्तू कुलुपात गेल्या पाहिजेत. फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतरचे काही दिवस त्या शेतात कुत्र्याला नेऊच नये. ठिबकच्या नळ्या तो चावणार, हे गृहीत धरावे. मक्याचे दाणे काढलेले कणीस आणि आंब्याची कोय गिळली गेल्यास आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेशिवाय सुटका होत नाही.

शेततळ्याबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण पाणी दिसले की लॅब्राडॉर उडी मारतो आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर त्याचे पंजे ठरत नाहीत. कितीही चांगला पोहणारा कुत्रा असला, तरी बाहेर येण्याची वाट न सापडल्याने दमून बुडतो. तळ्याभोवती कुंपण हवे, आणि एका बाजूला तळापर्यंत पोहोचेल अशी जाड दोराची जाळी किंवा दोरखंडाने बांधलेली जुन्या टायरांची शिडी सोडलेली हवी. हे माणसांच्या आणि मुलांच्याही उपयोगी पडते. कठडा नसलेल्या विहिरीचे तेच. तापी किंवा गिरणेच्या संथ, उथळ पाण्यात लांब दोर बांधून पोहायला नेणे उत्तम, परंतु धरणातून पाणी सोडण्याच्या दिवसांत आणि पावसाळ्यात नाही.

घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. वासाच्या मागे नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या पशुवैद्यकाकडे असते, ते आधीच विचारून ठेवावे. सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि चाळीसगावकडील डोंगरपट्टा येथे बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अशा ठिकाणी सूर्यास्तानंतर कुत्रा बंद खोलीतच हवा, ओट्यावर बांधलेला तर मुळीच नको.

गोचीड हा शहर आणि शेत दोन्हीकडचा त्रास आहे. कुत्र्याचा गोचीड भिंतींच्या फटींमध्ये अंडी घालतो, त्यामुळे एकदा घरात शिरला की कुत्र्यासोबत घरावरही उपचार करावा लागतो. त्यातून होणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे ताप वेळीच ओळखले नाहीत तर कुत्रा दगावतो. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यावयाच्या गोचीडनाशक गोळीचा खर्च बारमाही धरावा.

पायरी पाचवी : फरशी, जिना, म्हातारी माणसे आणि लहान मुले

नऊ महिन्यांचा लॅब्राडॉर पंचवीस किलोच्या घरात पोहोचतो, पण वागतो पिल्लासारखा, आणि ही अवस्था दोन वर्षांपर्यंत टिकते. तो प्रेमाने अंगावर येतो आणि गुडघे दुखणारी आजी पडते. शेपटीच्या फटक्याने रांगणारे मूल आडवे होते. यात त्याचा दोष नसतो, परंतु घरात हाडे ठिसूळ झालेली व्यक्ती असेल, तर पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचा, शांत झालेला कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करावा. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा टाइल्सवर मोठ्या जातीच्या पिल्लाचे पाय घसरतात आणि वाढत्या सांध्यांना ते बाधते. त्याच्या वावराच्या जागी गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी. हिप डिसप्लेशिया, म्हणजे मांडीच्या खुब्याचा सांधा नीट न बसणे, हा या जातींचा ठाऊक असलेला आजार आहे. केस वर्षभर गळतात, जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतात. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी आत्ताच तसे सांगितलेले बरे.

पायरी सहावी : खाण्याचा आणि औषधांचा हिशोब

पूर्ण वाढ झालेल्या लॅब्राडॉरला दिवसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला दहा ते बारा किलो. जवळच्या दुकानात जाऊन चांगल्या खाद्याचा किलोचा भाव विचारावा आणि स्वतःच गुणाकार करावा. घरचे अन्न द्यायचे असेल, तरी ते कुत्र्यासाठी वेगळे, बिनमिठाचे आणि पुरेशा प्रथिनांचे शिजवावे लागते. नुसती दूध-भाकरी पुरत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नाही असे पदार्थ थोडे, आणि कांदा व लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. हिवाळ्यात शेतावर भरताच्या पार्ट्या होतात तेव्हा पातीचा कांदा घातलेले भरीत प्रत्येक पाहुणा मायेने थोडे थोडे देतो, आणि त्याची बेरीज कोणी करत नाही. शेवभाजीचा रस्सा, मटणाची शिजवलेली हाडे, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हेही वर्ज्य. पाहुण्यांना स्पष्ट नाही म्हणणे तुमच्या घराला जमते का, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

विशेषतः लॅब्राडॉरच्या बाबतीत, कारण त्याची भूक खरोखरच वेगळी असते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की सुमारे २३ टक्के लॅब्राडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा कल अन्न मागण्याकडे व वजन वाढण्याकडे जास्त असतो. याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर जन्मभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या कुत्र्यांना जोडीतील दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले, ती सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागाव्यात, वरून पाहिल्यावर कंबर दिसावी. आपल्याकडे धष्टपुष्ट म्हणून ज्या लॅब्राडॉरचे कौतुक होते, तो बहुधा आजारी पडण्याच्या वाटेवर असतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला वाढीसाठी वरून कॅल्शियमचे औषध पाजण्याची पद्धतही सोडावी. योग्य खाद्य मिळत असताना जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते.

डॉक्टर शोधताना तो रोज गाई-म्हशींवर उपचार करतो की कुत्र्यांवरही, हे विचारावे. क्ष-किरण, रक्ततपासणी आणि रात्रीची शस्त्रक्रिया कोठे होते, याची माहिती पिल्लू येण्यापूर्वी हवी. वायमारानर आणि सेटर यांच्यासारख्या खोल छातीच्या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टणक होते, उमाळे येतात पण उलटी पडत नाही, आणि काही तासांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर आहे. तुमच्या गावात सोय नसेल, तर रात्री दोन वाजता गाडी आणि चालक मिळेल का, हा खोल छातीच्या जातींबाबतचा निर्णायक प्रश्न ठरतो.

पायरी सातवी : इतके जमत असेल, तर कोणती जात?

पहिलाच कुत्रा असेल, तर आखूड केसांचा लॅब्राडॉर, आणि तोही शक्यतो फिकट रंगाचा, हे माझे स्पष्ट मत आहे. नर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२ किलो भरते. गोल्डन स्वभावाने तितकाच गोड, पण केसांच्या निगेसाठी रोजची वीस मिनिटे आणि चांगली थंड खोली मागतो. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरच्या अंगावर आखूड, पातळ केस असल्याने तो उष्णता त्यांच्यापेक्षा बरी सोसतो. मात्र ज्या घरात रोज पहाटे कोणी धावायला किंवा सायकल चालवायला जाते, त्याच घरात तो सुखी राहतो. वायमारानर माणसाला इतका चिकटलेला असतो की नोकरदार घरात त्याचे हालच होतात. सेटरचे लांब रेशमी केस आणि आपला कुसळांचा, गोखरूंचा माळ यांचे जमत नाही. खानदेशात तो आणू नये.

पायरी आठवी : कुत्र्याशिवाय पंधरा दिवस काढून पाहा

ज्या व्यक्तीचे नाव कागदावर लिहिले आहे, तिने पंधरा दिवस पहाटे पाचला उठून एक तास आणि रात्री पुन्हा एक तास चालून यावे. शक्य असल्यास एप्रिलमध्ये. घरातील कोणीतरी दर चार तासांनी घरी हजर राहावे. खाद्याची रक्कम महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढावी. त्यानंतर ओळखीच्या घरातील मोठ्या लॅब्राडॉरसोबत एक सबंध दिवस घालवावा, त्याला फिरवावे, त्याची शी उचलावी, त्याचे ओले अंग पुसावे. पिल्लासोबतचा तासभर काहीच सांगत नाही. पंधराव्या दिवशीही घरातील सर्वांचे मन तेच असेल, तर पुढे जावे. कोणाचा उत्साह तीन दिवसांत मावळला, तर त्याला दोष देऊ नये. ज्याचा त्रास जिवंत प्राण्याला झाला असता, ते आधीच कळले.

पायरी नववी : कोठून आणि केव्हा आणावे

कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पुणे, नाशिक, इंदूर किंवा सुरत येथून फोटो पाहून पिल्लू बसने मागवू नये. स्वतः जावे, पिल्लाची आई पाहावी, ती अनोळखी माणसाजवळ कशी येते ते पाहावे. आई भित्री किंवा चिडकी असेल, तर रिकाम्या हाताने परत यावे. आईवडिलांच्या खुब्याच्या क्ष-किरण तपासणीचा कागद मागावा. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी दाखवली गेली, तर तिच्यावरील मायक्रोचिपचा, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा, क्रमांक पिल्लाच्या चिपशी जुळवून घ्यावा. नोंदणीचा कागद वंश सांगतो, प्रकृती सांगत नाही. शहरांत सोडून दिलेले मोठे लॅब्राडॉरही प्राणीमित्रांकडे येत असतात. दिनक्रम पाळू शकणाऱ्या घराने त्यांची चौकशी अवश्य करावी.

पिल्लू मार्च ते जून या काळात आणू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आपल्याकडे सर्वांत चांगला काळ आहे, फक्त दिवाळीचे फटाके संपल्यानंतरचा दिवस निवडावा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत चालणारी पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो या रोगांवरील लस, तिसऱ्या महिन्यातील रेबीजची लस, आणि दर पंधरवड्याने व नंतर दरमहा द्यावयाचे जंताचे औषध हे सारे थंडीत पूर्ण होते. मोकळ्यावर फिरण्याची, थांबण्याची आणि तोंडातील वस्तू सोडण्याची सवय फेब्रुवारीपर्यंत लागते, आणि पहिल्या उन्हाळ्यात कुत्रा आठ-नऊ महिन्यांचा, तुमचे ऐकणारा झालेला असतो. पालिकेत किंवा महापालिकेत परवान्याची चौकशी त्याच आठवड्यात करावी आणि रेबीजच्या लसीची नोंद असलेले पुस्तक घरात सर्वांना सापडेल अशा ठिकाणी ठेवावे.